साचा

हेबलथ्वेटच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये
आम्ही अकरा गाड्या केल्या. अकराच.
त्याआधी मी खोगिरं शिवायचे.
ऑब्रे म्हणाला, एनिड, बसायचंच तर आहे,
फक्त हा घोडा जमिनीला चिकटून पळतो.

फायबरग्लासचा वास केसांतून जात नसे.
रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी
कुणी बसत नसे, आणि मला त्याची ऐट वाटे.

इंजिन दुसऱ्याचं, दिवे भंगारातल्या व्हॅनचे,
दाराच्या कड्या चक्क कपाटाच्या.
पण पुढच्या चाकावरून मागे उतरणारा तो बाक
ऑब्रेचा. यॉर्कशरच्या थंडीत खिशातून हात काढून
तो त्यावरून फिरवायचा,
गाभण गाय चाचपावी तसा.

चौथी गाडी टेकडीच्या शर्यतीत दुसरी आली.
त्या रात्री किंमत वाढवायला हवी होती.
आम्ही बिअर प्यायलो.

मग बँकेचा माणूस, बुटांवर रबरी बूट चढवून.
एका गाडीमागे किती उरतं, मिस्टर हेबलथ्वेट?
ऑब्रे कागद शोधत राहिला.
मला पाठ होतं: एकतीस पौंड. जायचे.
ऑर्डरी वाढल्या म्हणूनच आम्ही बुडालो.

शेडमध्ये पुन्हा कोंबड्या आल्या.
साचा तेवढा कुणी घेतला नाही,
मागच्या कुरणात उताणा पडलाय.
त्यात पाणी साचतं, मेंढ्या पितात.
जानेवारीत कधी रात्रभर गोठलं
तर सकाळी मी कडेनं सुरी घालून
एक तुकडा सोडवते, उलटा करते:
चाकावरचा तो बाक, आरपार दिसणारा.

बारावी.
दुपारपर्यंत टिकते.