फिंजान

मस्कत. हॉटेलचा तिसरा मजला.
कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन खोल्या,
मध्ये एकोणचाळीस पावलं गालिचा.
एकमेकांचं तोंड बघायचं नाही, एवढ्यावर मात्र
दोन्ही बाजूंचं एकमत आहे.
इकडून तिकडे कागद जातो,
आणि कागदामागून मी, कहवा घेऊन.

सालेम अल-हबसी, मध्यस्थांतला सगळ्यात म्हातारा,
त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं :
पाहुण्यानं फिंजान हलवलं, तर पुरे.
रिकामं पुढं केलं, तर अजून.
आणि भरलेलं तसंच खाली ठेवलं
तर त्याला काही मागायचंय.
यजमानानं म्हणायचं, 'बोला.'
आणि दिल्याशिवाय उठायचं नाही.

आज अकरावा दिवस.
दोन्ही खोल्यांत सगळी फिंजानं भरलेली,
कडेला केशर चिकटून सुकलेलं.
दोघंही मागणारे.
मागतात ते सालेमच्या घरात नाही.

कलम चार, ओळ दुसरी, शब्द 'आधी'.
आधी कैदी, मग सैन्य.
आधी सैन्य, मग कैदी.
इथंच घोडं पेंड खातं.
दुभाषी बाईंनी 'आधी'ला सात पर्याय काढले,
सातही परत आले, तांबड्या शाईत.
काल 'एकाच वेळी' लिहून पाहिलं,
तर घड्याळ कुणाचं धरायचं
हा नवा मुद्दा निघाला.

माझा भाचा मुबश्शिर टँकरवर आहे,
सामुद्रधुनीच्या तोंडाशी, नांगर टाकून, तेवीस दिवस.
पँट्रीत फोन लावून बघतो तेव्हा त्याचा मेसेज असतो :
'मामू, आधी आंघोळ बंद केली.
मग कपडे धुणं.
आता चहा.'
मी काय लिहिणार?
लिहितो, इथं सगळं नीट चाललंय,
मोठी माणसं बसलीत.

रात्री दोन वाजता सालेम कॉरिडॉरच्या बरोबर मध्ये
भिंतीला पाठ टेकून खाली बसला,
चपला काढून.
मी ओतलं. त्यानं घेतलं,
आणि न पिता, भरलेलंच,
माझ्या बुटांशी गालिच्यावर ठेवलं.

नियमानं आता मी विचारायचं.
हॉटेलचा नोकर मी, हर्णैचा,
माझ्याकडे द्यायला हातातला दल्ला तेवढा.
तरी म्हटलं, 'बोला.'

बराच वेळ तो दोन्ही दारांच्या
खालच्या उजेडाकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
'गार झालंय. दुसरं आण.
दोन्हीकडे.'