सरासरी

मी मीटरचे आकडे घेतो.
पारोळ्यात, सकाळी सातपासून,
ऊन डोक्यावर यायच्या आत होतील तेवढी दारं.
मोबाईलने फोटो काढायचा, आकडा टाकायचा, पुढचं दार.
एका दारामागे कंपनी जे देते
ते सांगण्यासारखं नाही.

मीटर कुठेही असतो.
झिपरू टेलरकडे तो कपाटामागे.
मी आलो की ओठांतल्या टाचण्या न काढता
तो नुसतं "हं" म्हणतो,
आणि आम्ही दोघं मिळून कपाट सरकवतो.
मागे कधी बटण सापडतं, कधी खडूचा तुकडा.
मार्चमध्ये ब्लाउजची हरवलेली बाही सापडली,
डाळिंबी, काठाला जर.
लग्न कधीच उरकलं होतं.
त्याने ती झटकली, दारातल्या उजेडात धरली,
टाचण्या काढून हातात घेतल्या
आणि म्हणाला,
दुसरीपेक्षा हीच चांगली जमली होती.

भावसार गल्लीत खाटांवर बिबड्या वाळत असतात.
कावळे हाकायला बसवलेली पोरगी
काठी मांडीवर ठेवून झोपलेली,
मुठीत अर्धी ओली बिबडी.
कावळा खाटेच्या पायापाशी.
तो मला बघतो, मी त्याला.
दोघंही आवाज करत नाही.

केसरबाईंचा मीटर ओट्यावरच्या लाकडी डब्यात.
एप्रिलमध्ये मी कडी धरली तशा त्या
पिठाच्या हातांनीच आतून धावत आल्या.
"भाऊ, डबा नको उघाडू,
मझार चिडीना संसार शे.
अंदाजे लिखी ले."

अंदाजे लिहिता येत नाही.
मोबाईलमध्ये कारणं ठरलेली आहेत:
दार बंद. मीटर बंद. काच फुटलेली. कुत्रं.
चिमणी नाही.
मी ओट्यावर बसून चारही कारणं दोनदा वाचली.
तोवर चहा आला.
डब्याच्या फटीतून गवताची एक काडी
बाहेर आली, थांबली, परत आत गेली.
मी 'दार बंद' वर बोट ठेवलं.
दार सताड उघडं होतं,
आत परातीत कणीक, रेडिओवर बाजारभाव,
केळी क्विंटलला किती ते कुणीच ऐकत नव्हतं.

अशा घराला सरासरी बिल जातं.
मे महिन्यातही दार बंद.
जूनमध्ये केसरबाईंनी बिल माझ्यापुढे धरलं,
साठ रुपये जास्त.
मी काही बोलणार, तोच म्हणाल्या,
"तीन पिल्लं होती. वीस-वीस पडले,"
आणि इतक्या हसल्या
की पदर तोंडाला लावावा लागला.

ऑफिसात साहेबांनी तो फोटो मोठा करून पाहिला.
"हे काय आहे?"
डबा होता, कडी होती,
कडीवर पिठाचे चार बोटांचे ठसे.
"दार बंद, साहेब," मी म्हणालो.
तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे.
जागा भरली की बाकीचे पुसतो.

आता नवे मीटर येताहेत,
बाहेरच्या भिंतीवर, आकडा आपोआप जाणारे.
आत यायचं कुणाला कारण उरणार नाही.
झिपरूकडे गेल्या आठवड्यातच बसला.
तरी मी गेलो. काय सांगून गेलो, आठवत नाही.
तो "हं" म्हणाला
आणि उठून कपाटाच्या एका बाजूला उभा राहिला.

मागे काही सापडलं नाही.
मीटर काढलेल्या जागी
भिंतीचा पाटाएवढा तुकडा होता,
निळा, एकही डाग नसलेला,
दुकानाला पहिला रंग दिला तेव्हाचा.
"बापाने आणलेला," टाचण्यांमधून झिपरू म्हणाला.
गिऱ्हाईक दारात उभं होतं, मापाचा कपडा घेऊन.
त्याला म्हटलं, बस जरा.