अस्सल बरहुकूम

कंधार तहसिलीत एकतीस वर्षं मी नकला काढल्या.
खासरा, पहाणी, फेरफार. बोटाला शाई, कमरेला बाक.
मुन्तजीबोद्दीन उर्दू दप्तर वाचायचा
उजवीकडून डावीकडं,
मी मराठीत उतरवायचो डावीकडून उजवीकडं.
ओळीच्या मध्यात कुठंतरी
आमची गाठ पडायची, अन् चहा यायचा.

आता लेक परभणीला, विद्यापीठात.
ज्वारीचं कोवळं पान खलात घोटते, त्यातून धागा काढते.
मला तर नळीत काही पांढरं, शेंबडासारखं तरंगताना दिसलं.
म्हणाली, बापू, हेही दप्तरच. चार अक्षरांचं.
एसमोर टी, जीसमोर सी, दुसरी सोयरीक नाही.
दोन पट्ट्या, अंगाला अंग लावून,
पण तोंडं उलट्या दिशेला.

मी म्हणालो, म्हणजे मी अन् मुन्तजीब.

ती हसली नाही. बिलाच्या पाठीवर काढून दाखवू लागली.
एकजण मधली शिवण उसवत पुढं जातो.
लिहिणारा मागून येतो, पण कोऱ्या जागेवर
त्याला सुरुवातच करता येत नाही.
दुसरं कुणी चार अक्षरं कच्ची घालून देतं,
मग हा सुटतो. कच्ची नंतर खोडतात.
आमचे अव्वल कारकून असंच
माथ्यावर पेन्सिलीनं 'मौजे' लिहून द्यायचे
नव्या पोरांना.

एका पट्टीवर तो सरळ धावतो, उसवणाऱ्याच्या पाठोपाठ.
दुसरीवर दिशा आडवी येते.
मग पुढं उडी मारायची, मागं लिहीत यायचं,
परत उडी, परत मागं,
तुकडा, तुकडा, तुकडा.
शेवटी कुणीतरी खळ लावून सांधे मिटवतं.

'आणि रुजवात?'
'तोच घेतो. चुकीचं अक्षर बसलं की अडखळतो,
एक घर मागं येतो, खोडतो, पुन्हा लिहितो.
तरी कोट्यवधीत एखादं सुटतंच.'

सुटलेलं मला ठाऊक आहे.
एका शेताचं नाव नेरली होतं.
शाईचा की झुरळाचा, एक नुक्ता जास्त पडला होता;
मुन्तजीब 'तेरली' वाचून गेला, मी लिहून गेलो.
आज सातबाऱ्यावर तेरली, बाभळीवरच्या पाटीवर तेरली,
तिथल्या विहिरीत पोहणारी पोरंसुद्धा म्हणतात,
तेरलीत चाललो.
कांता म्हणते, असल्याच एखाद्या ठिपक्यानं
कणीस गच्च भरतं,
नाहीतर वांझ राहतं.
ठिपक्याला काय त्याचं.

एका गोष्टीनं मात्र रात्री डोळा लागेना.
आमच्याकडं नक्कल बाहेर जायची,
अस्सल कपाटात, कुलपात.
'तुमच्यात अस्सल कुठं ठेवतात?'
'कुठंच नाही, बापू. ते उभं उकलतात.
अर्धं एका नकलेत, अर्धं दुसरीत.
दोन्हींत एक पट्टी जुनी, एक ताजी.'

मुन्तजीबला सांगायला गेलो.
मोतीबिंदूची पट्टी डोळ्यावर, ओट्यावर बसला होता.
सगळं ऐकलं. सुपारी गालात सरकवली.
म्हणाला, 'फिर नीचे सई कौन करता?'

म्हटलं, विचारून सांगतो.