एकवीस

मोजणं हे माझं काम.
डॉक्टर कापतात, शिवतात, नावाजले जातात.
मी मोजते.
पोट उघडण्याआधी वीस, मिटण्याआधी वीस,
मधलं जे काही ते त्यांचं आणि देवाचं.

नारिनच्या इस्पितळात जानेवारीत
काचेच्या आतल्या बाजूलाही बर्फ धरतो.
टेबलावर बुरमाकान, वय एकसष्ट,
आत-बाशीच्या वरच्या कुरणांवरून आणलेली,
यकृताखाली कोकराच्या डोक्याएवढी गाठ.

मेंढपाळांच्या मुलखात अशा गाठीला नाव विचारत नाहीत.
कुत्र्याच्या पोटातली अळी
माणसाच्या यकृतात पाण्याची पिशवी होऊन बसते.
फुटली तर आतलं पाणी रक्ताला विष,
दोन मिनिटांत नाडी सापडेनाशी होते.
गेल्या वर्षी एक गेला असा, चोविशीतला.
म्हणून नुरजामालने अ‍ॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं,
खारट पाण्यात भिजलेल्या गॉजच्या माझ्या वीस घड्या
गाठीभोवती बांधासारख्या रचलेल्या,
आणि सागिनबाय डॉक्टरांचं गुणगुणणं
आज बंद.

सुई आत गेली.
पाणी आलं नाही.
पुन्हा ओढून पाहिलं: एक गढूळ, पिवळट थेंब.
"ही पिशवी नव्हे," ते म्हणाले, कुणालाच नाही असं.
मग चिमटा आत गेला आणि हळूहळू बाहेर येत राहिलं
एक कापड.
करडं, चिवट,
घडी न मोडलेलं.

मशीन तेवढं बोलत होतं.
मी मोजलं. वीस. आणि हे.
कमी भरलेला हिशेब मी पाहिलाय,
टेबलाखाली रांगलेय, बादल्या उपसल्यात,
एकदा शिकाऊ पोराच्या बुटाच्या तळाला चिकटलेली घडी
शोधून काढलीय.
पण जास्त?
जास्त कसा भरतो हिशेब?

आताच्या कापडात निळा दोरा असतो,
क्ष-किरणांत दिसावा म्हणून. यात नव्हता.
आणि कोपरे आत मुडपलेले, दोनदा,
उजवा आधी.
थान आणून रात्रपाळीत आम्हीच गॉज कापायचो तेव्हा,
आणि असे कोपरे एकच मुलगी मुडपायची,
आईने रुमाल शिवायला शिकवला तसे.

त्या रात्री तळघरात जुन्या वह्या काढल्या.
फेब्रुवारी, अठ्ठ्याण्णव. पित्ताशय. रक्तस्राव फार.
वीज दोन तास गेलेली, कंदिलावर उरकलं.
कापड मोजलं: पूर्ण.
खाली माझी सही, वळणदार,
लग्नाच्या नोंदीत करावी तशी.

डॉक्टर म्हणाले, मी सांगतो तिला.
मी म्हटलं, मोजलं मी.

तिसऱ्या दिवशी बुरमाकान उठून बसली,
चहात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली,
मग मलाच विचारलं, "केवढी होती अळी?"
आणि थांबायच्या आत सांगतही सुटली:
सोनोग्राफी झाली त्याच संध्याकाळी
धाकट्याने आकतोशला गोठ्यामागे नेलं, बंदूक घेऊन.
नऊ वर्षांचा कुत्रा, लांडग्याने एक कान फाडलेला.
हाक मारल्यावर उड्या मारत गेला, म्हणे.
"नातवंडं आहेत घरात. काय करणार?"

मी स्टूल ओढून बसले.
सांगितलं सगळं. कंदील, कोपरे, सही.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही.
बाहेर कुणीतरी फावड्याने पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होतं,
तो आवाज थांबला तरी ती गप्पच.

मग म्हणाली,
"म्हणजे त्याच्यात काही नव्हतं."

मला आधी वाटलं,
कापडाबद्दल बोलतेय.