एकशे एकोणऐंशी

पन्नास वर्षांचं पत्रक लिहायचंय.
एक पान, दोन फोटो, धाकटा म्हणाला,
आणि भावनिक नको, खरेदीदार दम्मामचे आहेत.

तर: कंपनीची स्थापना मत्रा इथे, चौऱ्याहत्तर साली.
संस्थापक श्री. वामन केळुस्कर, भागीदार सालेम बिन हमूद.
इथवर सगळं खरं आहे.
पुढे मला इंदुआत्याचे हात आठवतात

आणि पान थांबतं.

तिच्या व्हिसावर 'स्वयंपाकीण' होतं.
ट्रंकेत चार लुगडी, शेवयांचा पाट,
आणि नखुल्या वळून वळून चपटं झालेलं अंगठ्याचं नख.
नवरा गेलेलीने लग्नाच्या गव्हल्या वळू नयेत म्हणे,
वेंगुर्ल्यात कुणीतरी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं.
इथे ताट उचलायला कुणी नव्हतं.
तिने वळल्या. सालेमच्या आईने, झुवैनाने,
त्या तुपात तांबूस परतून भातात घातल्या,
आणि ताट खजूर भरून परत धाडलं.

यंत्र बाबांनी आणलं. जुनं, इटलीचं,
बंदरावर मालकाविना सात महिने मीठ खात पडलेलं.
तोंडाशी काशाचा साचा,
एकशे ऐंशी भोकं, एक बुजलेलं.
बाबांनी सुई घातली, सालेमने तार,
हर्णैच्या हुसेनमिया फिटरने रॉकेलात बुडवला.
निघालं नाही ते नाहीच.
"रवांदे," आत्या म्हणाली,
"एक दात पडलो म्हणान कोण जेवचो रवता?"

वाळवण हा खरा प्रश्न.
हवा दमट असली की शेवई लोंबून तुटायची,
डोंगरावरून कोरडा वारा सुटला की
वरून खणखणीत, आतून तडकलेली,
दुकानात पोचेपर्यंत भुगा.
पहिल्या उन्हाळ्यात अडीच टन रवा शेळ्यांना गेला.
(त्या वर्षी मत्र्यातल्या शेळ्या माणसांना ओळख देत नव्हत्या,
असं हुसेनमिया सांगायचा.)
मग गच्चीवर कोळ्याचं जुनं जाळं ताणलं,
वर ओली गोणपाटं,
आणि रात्रीतून दोनदा उठून आत्या
एक काडी कानाशी नेऊन मोडायची.
"आयक. 'कट्' इलो तर झाकून घाल.
'टिच्' इलो तर काढ."
अकरा वर्षं. मी हिशेब केला,
चार हजार रात्री होतात.

त्या शेवयांवर जाळ्याच्या गाठींचे ठसे असत,
गिऱ्हाईक तेच बघून पाकीट उचलायचं.
पुढे रुसैलला कारखाना, वाळवणीचे बोगदे,
काट्यांवर डुलणारी आर्द्रता, ठसे गेले.
आणि एका जाहिरातवाल्याने डब्यावर
चौकटी-चौकटींची नक्षी काढली. खाली लिहिलं, 'पारंपरिक'.
कशाची, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भागधारकांच्या यादीत आत्या नाही.
बाबा वाईट नव्हते. विचारलं तर म्हणायचे,
घरातलीच ना ती.
घरातली. या शब्दात केवढं बसतं,
पगारसुद्धा.

दम्मामवाले नाव घेणार, नक्षी घेणार, बोगदे घेणार.
साचा यादीत 'भंगार, पितळ, अकरा किलो' म्हणून होता.
काशाला पितळ म्हणणाऱ्याशी काय वाद घालायचा,
गाडीत टाकून घरी आणला.

दुपारी खिडकीत टेकवला, तर भिंतीवर
उन्हाचे ठिपके पडले. मोजायला बसले.
एकशे चाळिसाला फोन वाजला.
झालं का पान?
होतंय, म्हटलं.

दुसऱ्या फोटोची जागा अजून रिकामी आहे.
आत्याचा एकच सापडला, व्हिसाच्या अर्जावरचा,
टाचणी नेमकी कपाळावर मारलेली.