हातभर

हिरव्या किड्याने ॲशची झाडं आतून पोखरली,
नगरपालिकेने बुंध्यांवर नारिंगी फुल्या मारल्या.
त्या वर्षी आयोवाच्या उन्हात
आमच्या गल्लीला सावली म्हणजे
विजेच्या तारांची.

ऑर्विन, निवृत्त पोस्टमन,
घरं झाडांवरून ओळखायचा:
वाकड्या फांदीचं, घुबडाचं.
आता नुसते आकडे उरले.

शनिवारी आम्ही चौदा जण, एक फावडं मोडकं.
हर्डलिच्काबाई दारातूनच म्हणाल्या,
माझ्यापुढे नको. पानं कोण झाडणार?
खड्डा शेजारच्या हद्दीत सरकवला,
हातभर.

ऑगस्ट कोरडा गेला.
एका पहाटे ऑर्विनला दिसली
गाऊनमधली बाई, हातात सूपचं पातेलं,
हद्द ओलांडून
ओकच्या रोपापाशी वाकलेली.

त्याने मान फिरवली.
पत्ता तेवढा मनात टिपून ठेवला:
पातेल्याचं.