तंगूस सव्वा, वेणी एक

शिलाई मशीनच्या दोन चकत्या, मधून दोरा,
वर स्प्रिंग, स्प्रिंगवर पितळी नट.
चाळीस वर्षं झाली, हा नट माझ्या अंगठ्याला पाठ आहे.
पॉपलीनला अर्धा फेरा सैल,
अस्तराला आणखी थोडा,
धानाचं पोतं शिवायचं तर आवळून.

म्हणून गोपिकानं तिची नागपूरची रीळ
माझ्या टेबलावर, खडूच्या डबीशेजारी ठेवली
तेव्हा उघडायला मला कोणाला विचारावं लागलं नाही.
आत त्याच चकत्या.
मधे नमद्याच्या टिकल्या, तेल प्यायलेल्या.
"मामाजी, पाहा ना, हे काय करून रायली."

उन्हाळाभर ती तंगूस वापरत होती.
तंगूस ताणते. मासा झटका देतो
त्यातला निम्मा ती वाटेतच जिरवते,
परकराच्या इलॅस्टिकसारखी.
पोळा झाल्यावर हिनं विणलेली दोरी भरली,
आठ पदरांची वेणी, हिरवी,
डब्यावर छापलेलं: नऊ किलो.
नट होता तिथेच ठेवला.
नाही, खरं सांगितलं नंतर:
अर्धा फेरा आवळला. दोरी मजबूत आहे म्हणून.

पाळीच्या खालच्या अंगाला, कमळाच्या पानांत,
मरळ उठली.
वेणी ताणत नाही, एक सूतही नाही.
रीळ कर्रकन बोलायला हवी होती, बोलली नाही.
गळ सुटून परत आला
आणि टोकाला ओठाचा तुकडा,
नखाएवढा, पांढरा.
तो तिनं रुमालाच्या कोपऱ्यात बांधून आणला होता.
मला दाखवला. मग परत बांधला.

मी मंगरू कबाड्याकडून हूकचा काटा मागून आणला.
दोरीचं टोक काट्याला, काठी तिच्या हातात,
मी ओढत मागे सरकलो, दुकानाच्या पायरीपर्यंत.
"दोरी नऊची," मी म्हटलं, "पण पुढे हातभर जो काचेसारखा दोर लावला
तो कितीचा?"
"पाचचा."
"मग हिसाब पाचाचा. पाण्यात तुटते ते कमजोर तेच."
तंगूस असती तर सव्वा किलोला सुटू दिली असती.
हिला एक. त्याच्याहून बोटभर कमीच.
नट फिरवला, ओढलं. दीड.
फिरवला. सव्वा.
पलीकडे रस्त्यावर दोन पोरं थांबून हसत होती
की यादोराव टेलर काठीला वजन करून रायला.
मग एक. रीळ बोलली,
बारीक, एकसारखी, बॉबीन भरताना येतो तसा आवाज.

गुरुवारच्या बजारात फुलवंताच्या टोपलीत
ती मरळ आडवी पडली होती. जाळ्यात आलेली.
वरच्या ओठाला खाच, कडा भरून आलेल्या.
गोपिका उकिडवी बसली.
"कितीची भरली?"
"दोन किलो तीनशे. देऊ?"
तिनं मान हलवली. वांगी घेतली, चुना घेतला,
घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

आता तलावावरून आली की
ती रीळ पुसते आणि नट पूर्ण सैल करून ठेवते,
नमदा दबून बसू नये म्हणून. हे मी सांगितलेलं नाही.
सकाळी निघताना दारात उभी राहून
पुन्हा काटा लावते.
मंगरूचा काटा अजून परत गेलेला नाही.